तयार गेमिंग डेस्कटॉपचा सीपीयू कूलर बदलताना: कामाच्या नोंदी

मशीन: मोठ्या कंपनीचं २०२२ मधलं तयार गेमिंग डेस्कटॉप. इंटेल कोअर आय७-१२७००एफ, कंपनीचा स्वतःचा बी६६० मदरबोर्ड, फक्त १२ व्होल्ट देणारा ५०० वॅटचा एसएमपीएस, मागे एकच ९२ मिमी फॅन. हमी संपलेली आहे. ठिकाण नागपूर. इथे उन्हाळ्यात 'कूलर' म्हटलं की खिडकीतला डोळ्यांसमोर येतो, म्हणून या नोंदींत कूलर म्हणजे सीपीयूचा आणि खोलीतला तो डेझर्ट कूलर.

५ एप्रिल २०२५, शनिवार. आधीची मोजणी (दीड तास)

काहीही उघडण्याआधी आकडे घेतले. खोलीत ३२ अंश, साइड पॅनल बंद, तापमान आणि वॅट दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो६४ चालू ठेवून सिनेबेंच आर२३ ही प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारी चाचणी दहा मिनिटं.

पहिल्या दोन-तीन सेकंदांतच १०० अंश. बायॉसने (मदरबोर्डच्या मूळ सॉफ्टवेअरने) पीएल२, म्हणजे थोड्या वेळासाठीची वीजमर्यादा, १८० वॅट ठेवलेला आहे, पण कूलर तेवढी उष्णता उचलू शकत नाही, त्यामुळे प्रोसेसर ११८ वॅटवरच स्वतःला आवरतो. २८ सेकंदांनी पीएल१ (कायमची वीजमर्यादा) लागू होऊन ६५ वॅटवर उतरतो आणि तिथे ८८ अंशांवर स्थिर होतो. फॅन ३,४०० आरपीएम. स्कोअर १५,२१०.

हे दोन आकडे, पीएल१ आणि पीएल२, कूलर विकत घेण्याआधी प्रत्येकाने पाहावेत. पीएल१ ६५ वॅटला कुलूपबंद असेल तर कितीही मोठा कूलर लावा, वेग वाढणार नाही. आवाज आणि तापमान तेवढं कमी होईल. थ्रॉटलस्टॉप या सॉफ्टवेअरच्या टीपीएल खिडकीत मर्यादा लॉक आहे का ते दिसतं. इथे लॉक नव्हती, म्हणून खर्च करायचं ठरलं.

एक गोष्ट आज राहून गेली, तिचा त्रास पुढे झाला: व्हीआरएमचं (बोर्डावरच्या, प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागाचं) तापमान मोजलं नाही.

६ एप्रिल. कॅबिनेट मोजणं (४० मिनिटं)

पॅनल काढून मदरबोर्डच्या पृष्ठभागापासून कॅबिनेटच्या कडेपर्यंत पट्टीने मोजलं: १६४ मिमी. १५५ मिमी उंचीचा सिंगल टॉवर कूलर मागवला. नऊ मिमी मोकळे राहतील असा हिशेब केला, तो चुकीचा होता.

१० एप्रिल. कूलर आला, बसत नाही

जुना कूलर न काढता नवा नुसता शेजारी धरून पाहिला तेव्हाच शंका आली. नीट मोजल्यावर कळलं ते असं. कूलरची उंची प्रोसेसरच्या झाकणापासून मोजतात, बोर्डापासून नाही. एलजीए१७०० या सॉकेटमध्ये (या प्रोसेसरचं सॉकेट तेच) झाकणाचा वरचा पृष्ठभाग बोर्डापासून साधारण ७ मिमी वर असतो. म्हणजे उरले १५७. शिवाय साइड पॅनलच्या आतल्या बाजूला, जाळीच्या मागे, ६ मिमी जाडीची पत्र्याची पट्टी आहे. ती पॅनल काढून जमिनीवर ठेवलं की नजरेला येत नाही. खरी जागा १५१ मिमी.

पट्टीपेक्षा खात्रीची युक्ती: जाड पुठ्ठ्याची नळी गुंडाळून कूलरच्या उंचीएवढी अधिक २ मिमी कापा, प्रोसेसरच्या झाकणावर उभी ठेवा आणि पॅनल लावून पाहा. नळी दबली तर तो कूलर विसरा. यासाठी जुना कूलर आधी काढावा लागतो आणि मशीन एक दिवस बंद राहतं, पण चुकीचा माल परत पाठवण्यात चार दिवस जातात. परतीचा कुरिअर खर्च १८० रुपये गेला.

त्याऐवजी थर्मलराइटचा असॅसिन एक्स १२० रिफाइंड एसई मागवला: उंची १४८ मिमी, चार हीट पाइप, १२० मिमी फॅन, १,५५० आरपीएम. किंमत १,८९० रुपये. ज्यांच्या कॅबिनेटमध्ये १३० मिमीच्या आतच जागा आहे त्यांनी ९२ मिमी फॅनचे टॉवर पाहावेत. नॉक्टुआ एनएच-यू९एस १२५ मिमी उंच आहे, पण महाग पडतो.

१२ एप्रिल, शनिवार. जुना कूलर काढणं आणि बॅकप्लेट (सव्वाचार तास)

विंडोजमध्ये दहा मिनिटं लोड देऊन प्रोसेसर गरम केला, मग मशीन बंद, वायर काढली, पॉवरचं बटण दाबून उरलेला भार सोडला. गरम असताना प्रोसेसर आणि कूलरमधली थर्मल पेस्ट मऊ राहते. चारही स्प्रिंगचे स्क्रू तिरके, आलटून पालटून, एक-एक फेरा सैल केले. कूलर सरळ वर न ओढता थोडा डावीकडे-उजवीकडे फिरवला आणि मग उचलला. इंटेलच्या सॉकेटमध्ये प्रोसेसर लोखंडी चौकटीखाली दाबलेला असतो, त्यामुळे तो उपसून येण्याची भीती नाही. एएमडीच्या एएम४ मध्ये मात्र प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटमधून निघू शकतो आणि पिना वाकू शकतात. तिथे फिरवणं अजिबात टाळू नका.

जुनी पेस्ट राखाडी पापुद्र्यासारखी झाली होती. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, १०० मिलि, १४० रुपये. कॉफीच्या गाळणीचा कागद वापरला, त्याचे धागे सुटत नाहीत. नेलपेंट काढायचं द्रव वापरू नये, त्याने प्लास्टिक खराब होतं आणि त्यातलं तेल मागे राहतं.

खरं काम इथून पुढे. जुन्या कूलरचे स्क्रू बोर्डाच्या मागे चिकटवलेल्या इंग्रजी एच आकाराच्या पोलादी प्लेटमध्ये जात होते. नव्या कूलरची बॅकप्लेट वेगळी, आटे वेगळे. जुन्या प्लेटचे आटे वापरता येतील का म्हणून नवा स्क्रू हाताने लावून पाहिला. दीड फेऱ्यात अडला. जबरदस्ती केली नाही. कॅबिनेटच्या पत्र्याला सॉकेटच्या मागे खिडकी नाही, त्यामुळे पूर्ण मदरबोर्ड बाहेर काढणं भाग पडलं.

बाहेर काढण्याआधी प्रत्येक जोडणीचा फोटो घेतला. तयार डेस्कटॉपमध्ये पुढच्या पॅनलच्या वायरी एकाच ठोकळ्यात येतात हे सोयीचं. वायफाय कार्डावरचे दोन बारीक गोल कनेक्टर सर्वांत नाजूक. नखाने सरळ वर उचलायचे, वायरीला धरून ओढायचं नाही. काळी आणि पांढरी वायर कुठे होती ते लिहून ठेवलं. ग्राफिक्स कार्ड काढताना स्लॉटचा खटका दिसत नव्हता, लाकडी आइस्क्रीमच्या काडीने दाबला. स्क्रूड्रायव्हरने दाबला आणि तो निसटला तर बोर्डावरच्या रेषा खरवडल्या जातात.

सवयीने बायॉसचा सेलही काढला. गरज नव्हती. परिणाम पुढच्या नोंदीत.

आता प्लेट. मागे दोन प्लेट असतात हे लक्षात ठेवा. मधली, चार टॉर्क्स स्क्रूंनी धरलेली, सॉकेटची स्वतःची आहे. तिला हात लावायचा नाही. बाहेरची एच आकाराची कूलरची. काही कंपन्या या दोन्ही मिळून एकच प्लेट करतात. तुमच्या बोर्डावर तसं दिसलं तर इथेच थांबा आणि जुन्याच आट्यांत बसणारा कूलर शोधा.

प्लेट डबल टेपने इतकी घट्ट होती की पहिला एक तास वाया गेला. जुन्या एटीएम कार्डाने उचकटायला गेलो तर बोर्ड वाकताना दिसला, लगेच थांबलो. सोल्डरचे सांधे असेच तडकतात आणि बिघाड कधीकधी महिन्याने कळतो. उपाय: हेअर ड्रायर मध्यम उष्णतेवर, १५ सेंटिमीटर अंतरावरून, तीन-चार मिनिटं, मग डेंटल फ्लॉसचा दुहेरी धागा प्लेटखाली घालून करवतीसारखा मागेपुढे ओढला. धागा तुटला की नवा. एका बाजूला तीन वेळा असं करावं लागलं. प्लेट निघाल्यावर उरलेला गोंद अल्कोहोलने भिजवून बोटाने चोळून काढला. या एका कामाला दोन तास दहा मिनिटं.

१३ एप्रिल, रविवार. बसवणं, दोनदा

नव्या बॅकप्लेटचे बोल्ट एलजीए१७०० साठीच्या भोकांत घातले. एलजीए१२०० आणि ११५एक्स या जुन्या सॉकेटची भोकं ७५ मिमी अंतरावर, १७०० ची ७८ मिमी. दीड-दीड मिमीचा फरक डोळ्याला कळत नाही. तीन बोल्ट बसले आणि चौथा अडला तर जागा चुकली आहे.

तळाची पारदर्शक फिल्म काढली. बाराव्या पिढीचा प्रोसेसर लांबट आहे, ४५ बाय ३७.५ मिमी, म्हणून मध्यभागी एकच ठिपका दिला तर पेस्ट टोकांपर्यंत पोचत नाही. लांबीच्या दिशेने एक रेघ आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन बारीक ठिपके दिले.

पहिल्यांदा बसवताना चूक झाली. ग्राफिक्स कार्डाकडचा स्क्रू हाताशी होता, तो आधी पूर्ण पिळला, मग दुसरा. चालू केल्यावर ६५ वॅटला ७६ अंश, आणि एकाच वेळी सर्वांत थंड आणि सर्वांत गरम कोअरमध्ये १४ अंशांचं अंतर. चार-पाच अंशांचं अंतर नेहमीचं, १४ नाही. कूलर पुन्हा काढला. पेस्टचा ठसा अर्ध्या भागात पातळ पसरलेला, उरलेल्या अर्ध्यात जाड आणि न दबलेला. तळ तिरका बसला होता.

सगळं पुसून नव्याने. बरोबर आलेली पेस्ट संपत आल्यामुळे आर्क्टिक एमएक्स-४ ची ४ ग्रॅमची सिरिंज आणली, ५५० रुपये. या वेळी दोन्ही स्क्रू आधी फक्त पकडेपर्यंत लावले, मग एकाला दोन फेरे, दुसऱ्याला दोन फेरे, असं टेकेपर्यंत. स्क्रू स्वतःहून थांबतो तिथे थांबायचं, अजून अर्धा फेरा घेण्याचा मोह नको.

फॅनची हवा मागच्या फॅनकडे जाईल असा लावला. कंपनीची रॅम बिनआवरणाची असल्यामुळे फॅनखाली सहज राहिली. पॅनल लागलं, मध्ये तीन मिमी.

६५ वॅटला ६४ अंश, कोअरमधलं अंतर ५. खोली ३२ अंश. आधीच्या ८८ वरून ६४. स्कोअर १५,६४०, म्हणजे जवळपास तोच. सुरुवातीला पीएल१ बद्दल लिहिलं ते याचसाठी.

१३ एप्रिल, रात्र. बायॉस अडवतो (दीड तास)

मशीन चालू होताना दर वेळी सीपीयू फॅन बिघडल्याची सूचना येऊन थांबतं. एक कळ दाबली की पुढे जातं. फॅन व्यवस्थित फिरतो आहे, वायर पक्की आहे.

कारण: जुना ९२ मिमी फॅन सुरुवातीलाच १,२०० च्या वर जायचा. १२० मिमी फॅन तेवढ्याच सिग्नलला ४५० च्या आसपास फिरतो, आणि बायॉसला हा आकडा बंद पडलेल्या फॅनसारखा वाटतो. घरी जुळवलेल्या मशीनच्या बायॉसमध्ये सहसा फॅनचा पूर्ण आलेख आखता येतो. इथे किमान वेगाची एकच पट्टी आहे. ती ० वरून २० टक्के केली, सूचना येतच राहिली. ३० टक्क्यांना फॅन ६८० वर गेला आणि सूचना बंद झाली. त्या वेगाला आवाज ऐकू येत नाही.

तुमच्या बायॉसमध्ये अशी पट्टी नसेल तर कूलर घेतानाच कमाल वेग जास्त असलेला फॅन निवडा. फॅनच्या वायरीत रेझिस्टर घालणं वगैरे उपाय करू नका.

दुसरा अडथळा त्या सेलचा. सेल काढल्याने बायॉसची सगळी मांडणी मूळ स्थितीत गेली आणि विंडोजने ४८ अंकी बिटलॉकर रिकव्हरी की मागितली. तयार डेस्कटॉपमध्ये ड्राइव्ह कारखान्यातूनच कूटबद्ध असू शकते आणि मालकाला ते माहीत नसतं. की मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली होती, फोनवरून काढून टंकली. बायॉसला हात लावण्याआधी ती कागदावर लिहून घ्या. की मिळाली नाही तर त्या ड्राइव्हवरचा डेटा गेला.

१९ एप्रिल. वॅट वाढवणं, आणि व्हीआरएम

थ्रॉटलस्टॉपच्या टीपीएलमध्ये पीएल१ १०० वॅट, पीएल२ १२५ वॅट केला. काहीच फरक नाही, २८ सेकंदांनी पुन्हा ६५. मर्यादा दोन ठिकाणी लिहिलेली असते, एमएसआर आणि एमएमआयओ (प्रोसेसरच्या दोन अंतर्गत नोंदी), आणि दोन्हींतली कमी असते ती चालते. एमएमआयओ लॉकची खूण केल्यावर १०० वॅट टिकले. प्रोसेसर ७९ अंश, स्कोअर १८,९२०.

आनंद बारा मिनिटं टिकला. मल्टिमीटरचा तापमान मोजणारा के-टाइप प्रोब उष्णता सोसणाऱ्या कॅप्टॉन टेपने व्हीआरएममधल्या, सॉकेटच्या डावीकडच्या मॉसफेटला चिकटवला होता, तो १०४ अंश दाखवत होता आणि आकडा अजून चढत होता. चाचणी थांबवली. ६५ वॅटवर परत आणून पाहिलं: ८८.

या बोर्डावर व्हीआरएमला हीटसिंक नाही. जुना कूलर वरून खाली हवा मारायचा, ती सॉकेटच्या चहूबाजूंना पसरायची आणि मॉसफेटही गार राहायचे. टॉवर कूलर हवा बोर्डाला समांतर नेतो, खाली काहीच पडत नाही. खात्री करण्यासाठी एक सुटा १२० मिमी फॅन हाताने त्या भागावर धरला; पाच मिनिटांत ८८ वरून ६६. कारण सापडलं. पहिल्या दिवशी मोजलं असतं तर हे आधीच दिसलं असतं.

हे मला या कामातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं. सीपीयूचं तापमान २४ अंशांनी उतरलं म्हणून समाधान मानून मशीन वापरलं असतं तर बोर्ड हळूहळू भाजत राहिला असता, आणि कंपनीच्या खास मापाचा बोर्ड गेला की बाजारातला साधा बोर्ड त्या कॅबिनेटमध्ये आणि त्या एसएमपीएसवर सरळ बसत नाही. तुमच्या बोर्डावर मॉसफेट उघडे असतील तर टॉवर लावण्याआधी त्यांचा बंदोबस्त करा.

२० एप्रिल. हीटसिंक

८.८ मिमी चौकोनी, ५ मिमी उंच ॲल्युमिनियमचे छोटे हीटसिंक, मागे थर्मल टेप, दहाचा संच २२० रुपये. नऊ लागले.

कॅबिनेट उभं असतं, त्यामुळे हे तुकडे भिंतीवर चिकटवल्यासारखे राहतात आणि खाली ग्राफिक्स कार्ड असतं. एखादा सुटून पडला तर शॉर्ट होईल. म्हणून घाई केली नाही. प्रत्येक मॉसफेट अल्कोहोलने पुसला, सुकू दिला, तुकडा ठेवून तीस सेकंद दाबून धरला. शेजारच्या कपॅसिटरला धातू टेकत नाही ना हे टॉर्च लावून पाहिलं. दोन तुकडे कानशीने एक-एक मिमी घासावे लागले. हे काम बोर्डाबाहेर, कीस बोर्डावर पडू न देता. मग कॅबिनेट रात्रभर आडवं ठेवलं.

दुसऱ्या दिवशी व्हीआरएम ६५ वॅटला ७८, १०० वॅटला ९३. सुधारणा आहे, पुरेशी नाही.

२६ एप्रिल. हवा

पुढे १२० मिमी फॅन लावला, ४८० रुपये. बोर्डावर कॅबिनेट फॅनसाठी एकच जागा, म्हणून वाय जोडणी १२० रुपये. दोन फॅन मिळून अर्धा ॲम्पिअरही घेत नाहीत. पुढचं पॅनल जवळपास बंद आहे, हवा बाजूच्या १५ मिमीच्या फटीतूनच येते, आणि व्हीआरएम फक्त दोन अंशांनी उतरला. ग्राफिक्स कार्डाला थोडा फायदा झाला.

खरा फरक कूलरचा फॅन सरकवल्याने पडला. क्लिपवर तो बोर्डाच्या दिशेने जेमतेम १० मिमी खाली येतो. तेवढ्याने त्याची खालची कड कूलरच्या तळाच्या फिनच्याही (धातूच्या पातळ पट्ट्यांच्या) खाली गेली आणि हवेचा पट्टा मॉसफेटवरून जाऊ लागला. व्हीआरएम १०० वॅटला ८४, ६५ वॅटला ७०. सीपीयू एका अंशाने वाढला, चालेल. रॅमवर फॅन टेकत नाही ना हे मात्र पाहावं लागतं.

पीएल२ १२५ च्या वर नेला नाही. प्रोसेसर १८० पर्यंत जाऊ शकतो, हा बोर्ड नाही.

सॉकेटची चौकट बदलण्याचं साहित्य मिळतं, प्रोसेसर किंचित वाकतो म्हणून. त्यासाठी सॉकेटचे टॉर्क्स स्क्रू काढावे लागतात आणि पिना उघड्या पडतात. १०० वॅटला ८० अंश असताना तो धोका पत्करायला कारण नाही.

आतापर्यंतचा खर्च: कूलर १,८९०, पेस्ट ५५०, अल्कोहोल १४०, हीटसिंक २२०, फॅन ४८०, वाय जोडणी १२०, परतीचा कुरिअर १८०. एकूण ३,५८० रुपये. थ्रॉटलस्टॉप मोफत आहे. तो दर वेळी हाताने चालू करावा लागू नये म्हणून टास्क शेड्युलरमध्ये लॉगिनला लावून ठेवला.

१७ मे. तीन आठवड्यांनी

तशाच ३२ अंशांच्या खोलीत १०० वॅटला ८० ऐवजी ८३. फॅन काढून पाहिलं तर कूलरच्या फिनच्या पुढच्या कडेवर ओलसर, नमद्यासारखी धूळ. डेझर्ट कूलरची दमट हवा सरळ कॅबिनेटच्या फटीवर येत होती. कोरडी धूळ उडून जाते, दमट चिकटते. ब्लोअरने साफ केलं, फॅनची पाती बोटाने धरून, कारण हवेने फॅन भरधाव फिरला तर उलट व्होल्टेज बोर्डात जाण्याची भीती असते. कॅबिनेट डेझर्ट कूलरच्या झोतापासून बाजूला, भिंतीपासून वीतभर अंतरावर ठेवलं. पुन्हा ८०.

स्प्रिंगचे दोन्ही स्क्रू तपासले, सैल नाहीत. नऊही हीटसिंक जागेवर. जुना कूलर, त्याचे चार स्क्रू आणि एच आकाराची प्लेट एका पिशवीत घालून खोक्यावर मशीनचा मॉडेल क्रमांक लिहिला आहे. बोर्ड कधी कंपनीकडे पाठवायची वेळ आली तर मूळ स्थितीत लावून द्यावा लागेल, आणि ही प्लेट सुटी कुठे मिळत नाही.